चाळीस वर्षांचा एक ध्यास

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आताच झाला. ‘पुढे काय होणार?’ असे विचारल्यावर बहुतेकांनी ‘डॉक्टर’ असे उत्तर दिले. ऐकून आनंद झाला. पण डॉक्टर म्हणजे नेमके काय, याचा विचार आपण फारसा करीत नाही. पाटी लावली, दवाखाना थाटला, रांग लागली की मुलाचे भले झाले असे आपण मानतो. त्यात गैर काही नाही. तरीपण औषध देणाऱ्या डॉक्टरच्या मागे आणखी एक डॉक्टर उभा असतो. ते औषध शोधण्यासाठी त्याने आयुष्य घातलेले असते. आज तुमच्यासमोर अशाच एका डॉक्टरची हकीकत ठेवणार आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला साधा भाषाशिक्षक. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरी हा विषय मी का निवडला, ते आधी सांगणे भाग आहे. त्यात माझी एक चूक कबूल करायची आहे.

सुमारे नऊ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिच्या परवानगीनेच हे सांगतो आहे, नाव मात्र सांगत नाही. तिचे अक्षर मोत्यासारखे होते. नववीच्या मध्यावर ते एकाएकी बिघडले. ओळी वरखाली जाऊ लागल्या, उत्तरे अर्धवट राहू लागली. मी तिच्या वहीवर लाल शाईने शेरा मारला, ‘अक्षर सुधारा. आळस सोडा.’ वर्गासमोर बोललोही. ती इतकेच म्हणाली, ‘सर, हाताला मुंग्या येतात, पेन कळतच नाही.’ मला ती सबब वाटली.

महिन्याभरात हात आपोआप बरा झाला. मला वाटले, माझ्या शेऱ्याचा गुण आला. पुढे एका डोळ्याने धूसर दिसू लागले, डोळा फिरवला की दुखे. चष्मा झाला. तेही काही आठवड्यांत ओसरले. घरच्यांना वाटले, चष्म्याचा गुण आला. नंतर पाय जड झाले. कोणी मालिश सांगितले, कोणी ताईत बांधला, कोणी म्हणाले ‘नजर लागली.’ पायही सुधारले, आणि त्या वेळी जे काही चालू होते त्याला श्रेय मिळाले. अशी दोन वर्षे गेली. शेवटी तिच्या अब्बांनी तिला मुंबईला नेले. मेंदूचे एम.आर.आय. चित्र काढले आणि आजाराला नाव मिळाले, मल्टिपल स्क्लेरॉसिस.

मित्रहो, त्या दिवशी तिच्या घरी गेलो होतो. तिची अम्मी मला म्हणाली, ‘सर, तुम्ही तिला रोज पाहत होता.’ त्या शब्दांत राग नव्हता, पण ते आजही माझ्या कानांत आहेत. तेव्हापासून या आजाराविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनातच अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. स्टीफन हाउझर यांची ओळख झाली.

आधी आजार समजून घेऊ. घरातल्या विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असते. ते सोलले गेले की दिवा लुकलुकतो किंवा विझतो. आपल्या मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवरही असेच एक स्निग्ध वेष्टण असते. त्याला मायलिन म्हणतात. त्यामुळे संदेश वेगाने जातात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे पांढऱ्या पेशींचे सैन्य असते. या आजारात तेच सैन्य चुकून आपल्याच मायलिनवर तुटून पडते. पहारेकऱ्यानेच घराच्या तारा कापाव्यात, तसा हा प्रकार. जखम डोळ्याच्या तंतूवर झाली तर दृष्टी धूसर होते, हातापायांच्या मार्गावर झाली तर मुंग्या, बधिरता, अशक्तपणा येतो. सूज उतरली की रुग्णाला बरे वाटते, पण व्रण मागे राहतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. मेंदूत जागोजागी घट्ट झालेले व्रण दिसतात, म्हणून त्याला हे नाव पडले.

हा आजार बहुधा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांदरम्यान सुरू होतो. शिक्षण, नोकरी, लग्न, मुलेबाळे यांचा हा काळ. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. काही थोड्या जणांत तो शाळेच्या वयातही दिसतो. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार जगात असे सुमारे २८ लाख रुग्ण होते. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्या देशात प्रमाण कमी आहे, पण आजार आपल्याकडे आहे. मुंबईत रेहमत फझलभॉय यांनी १९८५ साली भारतातील मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी स्थापन केली ती याचसाठी.

आता डॉ. हाउझर यांच्याकडे वळू. त्यांनी १९७५ साली हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मज्जाविकारांचे शिक्षण घेतले. तेथे शिकाऊ डॉक्टर असताना त्यांच्याकडे एक तरुण, कर्तबगार स्त्री रुग्ण म्हणून आली. आजार फार झपाट्याचा होता. शरीर लुळे पडले, बोलणे गेले, गिळणे आणि श्वास घेणेही अवघड झाले. डॉक्टरांच्या हाती देण्यासारखे काही नव्हते. त्या काळी या आजारावर सरकारमान्य असे एकही खास औषध नव्हते. पहिले असे औषध, बीटा इंटरफेरॉन, अमेरिकेत मंजूर व्हायला १९९३ साल उजाडले. त्या रुग्णाची स्थिती पाहून या तरुण डॉक्टरने ठरवले की आपले आयुष्य याच प्रश्नासाठी द्यायचे.

विद्यार्थ्यांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांनी ठरवले आणि लगेच औषध शोधले, असे झाले नाही. आधी त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. मेंदूचे शास्त्र येत होते, पण हल्ला करणारे सैन्य तर रक्तातले. म्हणून ते प्रतिकारशक्तीचे शास्त्र शिकले. त्यासाठी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतही गेले. मेंदूचे शास्त्र आणि प्रतिकारशक्तीचे शास्त्र यांचा हा संगम आज ‘न्यूरोइम्युनॉलॉजी’ या नावाने ओळखला जातो. डॉक्टर झालेला माणूस पुन्हा बाकावर बसला, म्हणून त्याला पुढची वाट दिसली.

१९८३ साली त्यांनी डॉ. हॉवर्ड वायनर व इतर सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या एका जालीम औषधाने काही रुग्णांचा आजार काही काळ थोपला, असे त्यात दिसले. दिशा बरोबर होती, पण उपाय फार कडक होता. गावात एक चोर शिरला म्हणून साऱ्या गावावर लाठीमार करावा, तसे ते होते. खरा गुन्हेगार कोण, हे शोधणे जरूर होते.

पांढऱ्या पेशींच्या सैन्यात दोन मोठी पथके आहेत, टी पेशी आणि बी पेशी. टी पेशी स्वतः हल्ला करतात आणि इतरांना हुकूम देतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रथिने तयार होतात. त्या काळच्या बहुतेक शास्त्रज्ञांचा समज असा होता की या आजारात गुन्हेगार टी पेशीच. त्याला आधारही होता. रोगी उंदराच्या टी पेशी निरोगी उंदरात घातल्या की त्याला तसाच आजार होई. पण डॉ. हाउझर यांना एक गोष्ट खटकत होती. उंदराच्या मेंदूतील जखम माणसाच्या जखमेसारखी दिसत नव्हती. सूज होती, पण मायलिन तसे सोलले जात नव्हते.

१९९२ साली ते सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाविकार विभागाचे प्रमुख झाले. तेथे डॉ. क्लोद जेनँ यांच्यासमवेत त्यांनी मार्मोसेट या चिमुकल्या माकडांवर अभ्यास केला. नुसत्या टी पेशींनी सूज आली. प्रतिपिंडांची जोड मिळाली तेव्हाच मायलिन माणसाप्रमाणे सोलले गेले. १९९९ साली रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. सेड्रिक रेन यांच्या सहकार्याने मानवी मेंदूच्या व्रणांतही मायलिनला चिकटलेली प्रतिपिंडे दाखवण्यात आली. म्हणजे बोट बी पेशींकडे वळले.

योगायोग असा की बी पेशी नष्ट करणारे एक औषध तयारच होते. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगावर ते १९९७ साली अमेरिकेत मंजूर झाले होते. त्याचे नाव रिटुक्सिमॅब. बी पेशींच्या अंगावर एक खूण असते, ती ओळखून हे औषध नेमके त्यांनाच टिपते. ते या आजारात वापरून पाहावे, म्हणून डॉ. हाउझर यांनी सरकारी संशोधन निधीकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. तज्ज्ञांच्या मते कल्पनाच पटण्यासारखी नव्हती. शेवटी औषधाच्या कंपनीने एक लहान चाचणी करायला संमती दिली. तेथेही यशाची शक्यता शंभरात पंधराहून कमी धरली होती.

पालकांनो, आपल्या मुलाला ३५ टक्के मार्क मिळाले तर आपण घर डोक्यावर घेतो. येथे एक विभागप्रमुख, जगन्मान्य डॉक्टर, त्याला त्याच्याच क्षेत्रातले लोक सांगत होते की तुझ्या कल्पनेला पंधरा मार्कांचीही आशा नाही. तो रुसला नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. त्याने चाचणीची तयारी केली.

ही चाचणी कशी असते, तेही सांगतो. त्यात माझ्या विद्यार्थिनीच्या हकिकतीचे उत्तर आहे. हा आजार येतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. अशा आजारात मालिश, चष्मा, ताईत, शिक्षकाचा शेरा, सगळेच गुणकारी वाटते. मग औषधाचा खरा गुण ओळखायचा कसा? त्यासाठी रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडतात. एका गटाला खरे औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली सलाईन. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते. शेवटी यादी उघडतात. स्वतःची फसवणूक होऊ नये म्हणून माणसाने शोधून काढलेली ही एक प्रामाणिक रीत आहे.

या चाचणीत १०४ रुग्ण होते. ६९ जणांना औषध मिळाले, ३५ जणांना मिळाले नाही. २००६ साली निकाल उघडला. औषध मिळालेल्यांच्या मेंदूत सुजेचे व्रण ९१ टक्क्यांनी कमी होते. ४८ आठवड्यांत औषधाविना ४० टक्के रुग्णांना आजाराचा नवा झटका आला, औषधाच्या गटात ते प्रमाण २० टक्के राहिले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आणि या शास्त्राने कूस बदलली.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि मला शिक्षक म्हणून तीच फार आवडते. डॉ. हाउझर यांचा तर्क होता की बी पेशी गेल्या की प्रतिपिंडे घटतील आणि म्हणून आजार थांबेल. प्रत्यक्षात फरक काही आठवड्यांतच दिसू लागला. तोवर प्रतिपिंडे फारशी घटलीही नव्हती, कारण ती प्रत्यक्ष बनवणाऱ्या प्रौढ पेशींवर ती खूण नसते आणि औषध त्यांना मारीत नाही. म्हणजे उत्तर बरोबर आले, पण मधली पायरी चुकली होती! बी पेशी नुसती प्रतिपिंडांचे कारखाने नव्हेत, त्या टी पेशींनाही चिथावणी देतात, हे त्यातून उमगले. डॉ. हाउझर यांनी ही चुकलेली पायरी लपवली नाही, स्वतःच जगाला सांगितली. आमचे गणिताचे सर म्हणतात, पायऱ्यांना मार्क असतात. मी म्हणतो, चुकलेली पायरी कबूल करण्याला त्याहून जास्त मार्क असावेत.

पुढे त्याच जातीचे सुधारलेले औषध, ऑक्रेलिझुमॅब, १,६५६ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांत तपासले गेले. जुन्या इंटरफेरॉनच्या तुलनेत झटक्यांचे प्रमाण ४६ आणि ४७ टक्क्यांनी कमी झाले. हा आजार काहींना पहिल्यापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या रूपात होतो. त्यावर तोवर काहीच नव्हते. ७३२ रुग्णांच्या वेगळ्या चाचणीत तेथेही अपंगत्व वाढण्याचा धोका २४ टक्क्यांनी घटला. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झाले. ते साधारण सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून देतात. वैद्यकीय पदवीपासून येथवर पोहोचायला बेचाळीस वर्षे लागली. एप्रिल २०२५ मध्ये डॉ. हाउझर यांना ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले. सोबतचे मानकरी होते हार्वर्डचे डॉ. अल्बेर्तो अशेरिओ. अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास करून त्यांनी २०२२ साली दाखवले की एप्स्टाइन-बार या अगदी सर्वत्र आढळणाऱ्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू बी पेशींतच दडून राहतो. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले दोन संशोधक असे एकाच दारापाशी आले.

आता खोटी आशा नको, म्हणून हेही स्पष्ट सांगतो. ही औषधे आजार मुळापासून बरा करीत नाहीत. मेलेला तंतू परत येत नाही. बी पेशी कमी झाल्याने इतर संसर्गांचा धोका वाढतो, म्हणून ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. आणि ती महाग आहेत. त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट अशी की रिटुक्सिमॅबच्या धर्तीचे औषध आपल्या देशात २००७ पासून बनते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या आजारासाठी रिटुक्सिमॅबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. पण कोणते औषध कोणाला, हे तज्ज्ञानेच ठरवायचे. लवकर निदान झाले तर बरेच काही वाचवता येते, एवढे मात्र आपण सर्वांनी जाणावे.

भगिनींनो, आता तुमच्याशी थोडे बोलतो. मुलीला असे काही झाले की पहिली चिंता असते, ‘लोकांना कळले तर हिचे लग्न कसे होणार?’ ही चिंता मी समजू शकतो, मीही एका मुलीचा बाप आहे. पण लपवण्यात जे महिने जातात, ते मेंदूतून वजा होतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. तो सरळ वारशानेही येत नाही. आईला किंवा वडिलांना असला तरी मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच. हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला असला तरी दुसऱ्याला तो चारात एक या प्रमाणातच होतो. त्यात कोणाचा गुन्हा नाही, कोणाची बदनामी नाही. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. अपंगत्वाच्या प्रमाणानुसार दाखला काढता येतो, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती नियमाप्रमाणे मागता येतात. आजार लपवला तर हक्कही लपतो.

माझ्या शिक्षक बांधवांना एकच विनंती. वर्गात एखाद्या मुलाचे अक्षर, चाल, नजर एकाएकी बदलली तर लाल पेन उचलण्याआधी त्याला जवळ बसवून विचारा. बहुतेक वेळा काही निघणार नाही. पण एखाद्या वेळी निघेल, आणि त्या घराचे ऋण तुमच्यावर राहणार नाही. माझ्यावर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या सगळ्यांतून तुम्ही काय घ्यावे? डॉक्टर जरूर व्हा. पण वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही तर आयुष्य संपले असे मानू नका. ज्या शोधाची हकीकत मी सांगितली, त्याला एकटा डॉक्टर पुरला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप पाहणारा होता, प्राण्यांची निगा राखणारा होता, चित्रे वाचणारा होता, आकडेमोड करणारा संख्याशास्त्रज्ञ होता, सलाईन लावणारी परिचारिका होती. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या, प्रयोगशाळा तंत्र, या सर्व वाटा त्याच दाराकडे जातात. हवा असतो तो एक प्रश्न, जो झोपू देत नाही, आणि तो सोडवण्यासाठी पुन्हा बाकावर बसण्याची तयारी.

शेवटी त्या मुलीविषयी. औषध चालू आहे. थकवा येतो, उन्हाळ्यात जास्तच येतो, कधी काठी घ्यावी लागते. पण तिने बारावी केली, पदवी घेतली, आणि आज घरी वीस-बावीस मुलांची शिकवणी घेते. मागच्या ईदला भेटायला गेलो, तेव्हा तिने ती नववीची वही काढून दाखवली. माझा शेरा तसाच होता. मी तिची माफी मागितली. ती हसून म्हणाली, ‘सर, आता माझ्या मुलांच्या वह्यांवर मी हिरव्या शाईने लिहिते. आणि अक्षर बिघडले की आधी विचारते.’

मित्रहो, एका रुग्णाला मदत करता आली नाही म्हणून एका डॉक्टरने चाळीस वर्षे त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आपल्याला तेवढे जमेल न जमेल. पण समोरच्या मुलाला विचारायला, ऐकून घ्यायला आणि वेळेवर डॉक्टरकडे न्यायला तर कोणाची हरकत नाही ना? तेवढे आजपासून करू या.